72 दिवसांची हजेरी: एका ठेकेदाराला खुलं पत्र

ठेकेदारशेठ,

पत्र खुलं लिहितोय, कारण फोन तुम्ही उचलत नाही आणि चाकणच्या तुमच्या ऑफिसातून 'साहेब साइटवर आहेत' यापलीकडे उत्तर येत नाही. तुमचं नाव इथं लिहीत नाही. ओतूरपासून मढपर्यंत ज्या घरातलं पोरगं तुमच्या हाताखाली राबलंय, त्या घराला ते पाठ आहे.

आमच्या डिंगोऱ्याच्या एका पोराबद्दल हे पत्र आहे. आयटीआय झालेला, दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे. कंपनी मोठी, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. गेटपासवर नाव कंपनीचं, पगाराच्या स्लिपवर तुमचं. 25 मार्च 2020 ला, ऐन गुढीपाडव्याला, देश बंद झाला आणि तुम्ही सगळ्या पोरांना एकच निरोप दिलात, 'घरी जा, बोलावतो.' 31 मार्चला राज्य सरकारने शासन निर्णय काढला, की कंत्राटी कामगारही कामावर हजर आहेत असं समजून त्यांचा पगार द्यावा. केंद्राचा तसाच आदेश दोन दिवस आधी निघाला होता. एप्रिलचा पगार तुम्ही दिला नाहीत. मे महिन्यात केंद्राने तो आदेश मागे घेतला, 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून मार्ग काढावा असं सांगितलं. तुम्ही बोललाही नाहीत. नव्या हंगामात नवी पोरं घेतलीत.

पोरगा गावी आला तो मिळेल त्या वाहनाने आणि उरलेलं अंतर पायी. चौदा दिवस शाळेच्या खोलीत राहिला. बाहेर पडला तर गावात रोज मिळायचीही सोय उरली नव्हती. द्राक्षाच्या हंगामातच बाजार बंद, ज्यांच्या बागा होत्या तेच हवालदिल, ते मजूर कुठून लावणार? 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि जुन्नर-आंबेगावात घरांचे पत्रे गेले, पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडं मोडली. पोरानं पीएफमधून पैसे काढले, कारण 28 मार्चला सरकारने तशी मुभा दिली होती: शिलकीच्या 75 टक्के किंवा तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, यात जे कमी असेल ते. म्हातारपणाचे पैसे पंचविशीत किराण्यात गेले. त्याबद्दल तो काही बोलला नाही. आपलेच होते, म्हणाला.

पण 20 ऑगस्टला एक बातमी आली आणि मी त्याला घरी बोलावून घेतलं.

राज्य कामगार विमा महामंडळाची, म्हणजे ईएसआयसीची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून होती. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. फारसं कुणी त्या वाटेला गेलं नव्हतं, कारण अर्ज शेवटच्या मालकामार्फत जायचा आणि कामावरून काढणाऱ्यानंच सही करायची. कोरोनामुळे महामंडळाने नियम बदलले. 25 चे 50 टक्के झाले. 90 दिवस बेकार राहण्याची अट 30 दिवसांवर आली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, मालकाच्या सहीची गरज संपली. कामगाराने ऑनलाइन अर्ज करायचा, कागद थेट शाखा कार्यालयात द्यायचे, पैसे थेट बँकेत. पुढे नोव्हेंबरात प्रतिज्ञापत्राची अटही निघाली. 24 मार्च ते 31 डिसेंबर 2020 या काळात काम गेलेल्यांसाठी ही सवलत होती. या पोरासाठीच लिहिली असावी अशी.

त्या वर्षी जगभर लोक असे अर्ज भरत होते. अमेरिकेत 27 मार्चला कायदा होऊन नेहमीच्या बेकारी भत्त्यावर आठवड्याला 600 डॉलर जादा मिळाले, आणि तिथल्या कित्येक राज्यांत अर्जांच्या भाराने संगणकच बसले. आमच्या बाबतीत तसं काही झालं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण असल्या वेळी सर्व्हरवर ढकलून मोकळं व्हायची आपल्याकडे रीत आहे. ओसरीवर रेंज होती. साइट उघडली. विमा क्रमांक टाकला, ओटीपी आला, आधार आणि बँकखातं जुळलं. पुढं वर्गणीचा तक्ता उघडला.

त्या तक्त्यात महिन्याचं नाव, त्यापुढे पगार आणि त्यापुढे दिवस असतात. सप्टेंबर 2019 पर्यंत सगळं बरोबर. ऑक्टोबर, 12 दिवस. नोव्हेंबर, 12. डिसेंबर, 12. जानेवारी, 12. फेब्रुवारी, 12. मार्च, 12. पगाराच्या रकान्यात 12 हजारांच्या जागी 5,538. पोरानं मोबाइल माझ्या हातातून घेतला, स्क्रीन मोठी केली, परत लहान केली. मग त्याच मोबाइलमधले पगाराच्या स्लिपचे फोटो उघडले. स्लिपवर हजर दिवस 25, कपात 'ईएसआयसी 90 रुपये'. मार्च सोडला तर दर महिन्याला.

योजनेची अट अशी: काम जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत 78. दुसरी अट पुरी होती. पहिलीत 72 भरत होते. सहा दिवस कमी.

शेठ, हा 78 चा आकडा कुठून येतो ते बघा. महिन्याला 26 दिवस धरले तर सहा महिन्यांचे 156 होतात, आणि त्याच्या निम्मे 78. म्हणजे कायदा एवढंच म्हणतो, की बाबा, निम्मे दिवस तरी दाखव. पोरगा पाच महिने 25-25 दिवस आणि मार्चचे 19 असे 144 दिवस मशिनवर उभा होता. तुम्ही त्याचे निम्मे केलेत. बरोब्बर निम्मे.

आता पैशांचं बघू. 12 हजार पगारावर कामगाराची वर्गणी पाऊण टक्का, म्हणजे 90 रुपये. मालकाची सव्वातीन टक्के, म्हणजे 390. एकूण 480. तुम्ही 5,538 दाखवलेत, त्यावर 42 आणि 180 मिळून 222 रुपये भरलेत. एका पोरामागं महिन्याला 258 रुपये तुमच्याकडे राहिले. त्यातले 48 तर पोराच्या खिशातून काढलेले, तुमचे कधी नव्हतेच. पाच पूर्ण महिन्यांचे 1,290 झाले. मार्च सोडून देतो. आणि पोराचं गेलं काय? दोन वर्षं 12 हजारांप्रमाणे धरलं तर रोजची सरासरी कमाई साधारण 395 रुपये, निम्मे 197, नव्वद दिवसांचे पावणेअठरा हजारांच्या घरात. तुमचे 1,290 वाचावेत म्हणून त्याचे पावणेअठरा हजार बुडाले, तेही ज्या वर्षी घरात दुसरा रुपया येत नव्हता त्या वर्षी.

'2019 ला मंदी होती, कंपनीनं दर पाडला,' हे तुम्ही म्हणाल ते मला माहीत आहे. मंदी होती. गाड्यांचा खप पडला होता, पाळ्या बंद होत होत्या, हे खरंच आहे. पण दर पाडला कंपनीनं, तर भांडण कंपनीशी करायचं. तुम्ही तो पोरांच्या हजेरीतून वसूल केलात. आणि ज्या एप्रिलमध्ये पगार दिला नाहीत, त्याच एप्रिलमध्ये गावोगाव किराण्याची किटं वाटलीत, पाच किलो आटा, डाळ, तेलाची पिशवी, वर तुमचा फोटो. तुमच्याकडे शंभर पोरं असतील तर महिन्याला 25,800 रुपये होतात. किटं कुणाच्या पैशांची होती, शेठ?

पोराची आजी त्या दिवशी शेजारीच शेंगा निवडत बसली होती. 1972 च्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी खाऊन दिवस काढलेले. वेबसाइट, वर्गणी, सहामाही यातलं तिला काही सांगावं लागलं नाही. नातवाचं तोंड बघून तिनं विचारलं, "मुकादमानं हजेरी खाल्ली व्हय रं?" तिच्या काळी ती मस्टरवर खाल्ली जायची. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम द्या, पंधरा दिवसांत देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्या, हे देशाच्या आधी या राज्याने कागदावर लिहिलं. ते लिहिलं गेलं ते या आजीसारख्या बायांच्या फुटलेल्या हातांमुळे. तिच्या नातवाच्या हक्काचा कागद तुम्ही चाकणच्या ऑफिसात एसीखाली बसून खोडलात.

आपल्या भागात त्या वर्षी ज्यांना मागायला काही जागाच नव्हती अशी माणसं थोडी नव्हती. जुन्नर-आंबेगावातले डबेवाले मुंबईहून परत आले, डबेच बंद झाले तर ते भत्ता कुणाकडे मागणार? नारायणगावच्या राहुट्यांमधून पाडव्याला तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात, त्याच दिवशी सगळं बंद झालं आणि फडांचा चैत्राचा अख्खा हंगाम बुडाला. त्यांच्यासाठी दारच नव्हतं. या पोरासाठी दार होतं, त्यानं त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला मोजले होते, आणि तुम्ही आतून कडी लावून घेतलीत. सरकारने मालकाची सही काढून टाकली. पण मालकाने आधीच केलेली नोंद तशीच राहिली. महामंडळालाही माझं हे सांगणं आहे: ज्या कामगाराचे दिवस कमी दिसतात त्याला 'पात्र नाही' असा शेरा मारण्याआधी एकदा कंपनीच्या गेटवरचं अंगठ्याचं मशिन तपासा. त्यात 144 दिवस आहेत.

नुकसान एवढ्यावरही थांबत नाही. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे लाभ ठरतात. आजारी पडल्यावर पगाराच्या 70 टक्के मिळतात, त्यालाही हेच 78 दिवस लागतात. तुमची जी पोरं जुलैत परत कामाला लागली, त्यांच्यातल्या कुणाला ऐन साथीत कोरोना झाला असेल तर त्यालाही तुम्ही बिनपगारी खाटेवर झोपवलंत. आणि बिनपगारी घरी बसणं ज्याला परवडत नाही तो ताप लपवून लाइनवर जातो. साथ अशीही पसरते.

कायद्याचं म्हणाल तर तुम्हाला तो माझ्याहून चांगला ठाऊक असणार, तरी लिहितो. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कामगार विमा कायद्यात कलम 85 होतं: पगारातून कापलेली वर्गणी भरली नाही तर किमान एक आणि कमाल तीन वर्षं कैद, शिवाय दंड. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 405 मध्ये अशी कापून घेतलेली वर्गणी न भरण्याला फौजदारी विश्वासघात म्हटलं होतं. विमा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची होती, त्यामुळे 'तो ठेकेदाराचा माणूस' म्हणून तिलाही अंग काढता येत नाही. त्याच कायद्याचं कलम 68 सांगत होतं, की मालकाने वर्गणी न भरल्यामुळे कामगाराचा लाभ बुडत असेल तर महामंडळ तो लाभ कामगाराला देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. थकलेल्या वर्गणीवर व्याज 12 टक्के होतं.

तुमच्या गाडीच्या मागच्या काचेवर शिवनेरी आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत राजांचं नाव. रामाजी अनंत सुभेदाराला 1676 मध्ये राजांनी पत्र लिहून बजावलं होतं, की रयतेच्या भाजीच्या देठाचीही आस धरू नकोस. ती काच आधी पुसून घ्या.

मागणी अशी. ऑक्टोबर 2019 ते मार्च 2020 ची, या पोराची आणि त्याच्याबरोबरच्या सगळ्यांची, खऱ्या हजर दिवसांप्रमाणे पुरवणी वर्गणी व्याजासकट भरा आणि चलनाची प्रत द्या. एप्रिल 2020 चा पगार द्या. दिवस कमी दिसल्यामुळे ज्यांचा भत्ता बुडाला त्यांना तेवढी रक्कम तुमच्या खिशातून द्या.

तक्रारअर्ज लिहून तयार आहे, महामंडळाच्या विभागीय कार्यालयासाठी एक आणि कामगार आयुक्तांसाठी एक. सोबत स्लिपांचे फोटो, तक्त्याचे प्रिंट आणि सह्या. दोन्हीत तुमच्याबरोबर कंपनीचंही नाव आहे. गावातली जी पोरं आज चाकण, रांजणगाव, भोसरीला कामाला आहेत, त्यांना आम्ही बसवून दाखवतोय की दर महिन्याच्या 15 तारखेनंतर आपले दिवस मोबाइलवर कसे बघायचे. त्यातली काही अजून तुमच्याकडेच आहेत. मागच्या महिन्याचे त्यांचे दिवस आम्ही पाहिलेत, त्याबद्दल वेगळं पत्र येईल.

डिंगोरे, ता. जुन्नर, जि. पुणे