शेळ्या जंगलात, बिबट्या उसात

एका बळीमागे २५ लाखांची भरपाई. चार बळी गेले की झाला एक कोट. मग माणसं मेल्यावर कोट मोजण्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्याच आधी जंगलात सोडा, म्हणजे बिबटे गावाकडे फिरकणार नाहीत! हा हिशेब पारावरच्या रिकामटेकड्यांचा नाही. डिसेंबर २०२५ मध्ये राज्याच्या वनमंत्र्यांनी मांडलेला आहे.

हिशेब बरोबर आहे. पत्ता तेवढा चुकला.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातला बिबट्या आता उसात राहतो. कुकडीची धरणं झाली, कालवे आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. वर्ष-दीड वर्ष सहसा कुणी आत शिरत नाही अशी गार, दाट, ओली जागा त्याला दुसरं कोण देणार? पिल्लं उसातच जन्मतात, उसातच वाढतात. जंगल त्यांच्या आईनंही पाहिलेलं नसतं.

‘त्याला त्याच्या घरी सोडा,’ असं आपण पुण्याच्या बाल्कनीतून बजावतो. सोडू की. गट नंबर सांगा!

गावाचं भय मात्र खरं आहे, त्याची थट्टा नको. पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यातली दोन लेकरं. लोकांनी महामार्ग रोखला, तेव्हा कुठे बंदूकवाले आले. माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली. असे पट्टे पूर्वी धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असायचे.

आता मालकाची पाळी.

हे सगळं सरकारच्या डोळ्यांपुढे यावं म्हणून जुन्नरचे आमदार बिबट्याचा वेश चढवून नागपूरच्या अधिवेशनात पोचले. फोटो छान आले.

पिंजरे लावा, ही मागणी तर ठरलेलीच. लावले. पण पिंजऱ्यात जो सापडतो तो शेळीला भुललेला बिबट्या. माणूस मारणारा तोच कशावरून? पिंजरा काही ओळखपरेड घेत नाही. शिवाय धरलेल्याला ठेवायचं कुठं? माणिकडोहचं निवारा केंद्र भरलेलं. मग लांब नेऊन सोडा!

तेही करून झालंय, याच जुन्नरमध्ये. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे मांडून ठेवले आहेत. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे उचलून दुसरीकडे सोडायचा सपाटा लागला आणि हीच सरासरी १७ वर गेली. वाचलं कुणी?

२००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून एक बिबट्या काढला, गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. गडी रेल्वेमार्ग, महामार्ग ओलांडत, कुणालाही न दुखावता थेट मुंबईच्या वेशीवर. त्याच्यावर ‘आजोबा’ हा सिनेमा निघाला. धोरण निघालं नाही.

आता नसबंदी. जुन्नर विभागात प्रयोग म्हणून पाच माद्यांना केंद्राची परवानगी मिळाली आहे. करा प्रयोग, हरकत नाही. पण जी कुत्री बिस्किट दाखवलं की शेपूट हलवत येतात, त्यांची नसबंदी ज्या यंत्रणेला उरकली नाही, ती उसात शिरून मादी शोधणार? गंमत म्हणजे अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. म्हणजे उकिरडा आपला, त्यावर पोसलेली कुत्री आपली, आणि अतिक्रमण तेवढं बिबट्याचं!

बिबट्या दिसला की भोंगा वाजवणारी एआय यंत्रं बसू लागली आहेत. त्याच सुमाराला एआयनं बनवलेले बिबटे पुण्यातल्या ग्रुपांवर हिंडत होते. त्यांच्यासाठी भोंगा कुठाय?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती २००४ साली हल्ल्यांचा कहर झाला होता. पुढे तिथे काय केलं? कचरा उचला, अंधारात पोरांना एकटं सोडू नका, नुसता दिसला म्हणून पिंजरा मागू नका, हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगितलं. हल्ले बरेच उतरले. उपाय कंटाळवाणा आहे. फीत कापायची सोय नाही.

बरं, रात्री शेतकरी उसात जातो कशाला? हौस म्हणून? लाइट रात्री येते म्हणून. मोटार चालू करायची, वाकून दारं धरायची, आणि वाकलेला माणूस अंधारात बिबट्याला माणूस वाटतच नाही. ऊसतोडीची कुटुंबं तर फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत झोपतात. दार नाही, संडास नाही. पहाटे बाई अंधारातच उघड्यावर जाते.

यातलं काहीही बदलायला शार्पशूटर लागत नाही, दिल्लीची परवानगीही नाही. महावितरणनं बिबट्या धरावा असं कुणी म्हणत नाही. बिबट्याच्या गावांना थ्री-फेज लाइट दिवसा द्यावी. आणि कारखानदारांनो, पुढचं गाळप सुरू व्हायच्या आत कोप्यांच्या जागी भिंती, दारं आणि संडास उभे करा.