पाव चमचा चिकटपणा

शनिवारी रात्री साडेदहाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, ‘कोणाकडे पाव टीस्पून झँथन गम मिळेल का? उद्या ब्रेकफास्टला ग्लुटेन-फ्री पॅनकेक करतोय. अर्जंट.’ पूर्वी या वेळेला लोक विरजण मागायचे, नाहीतर डोकेदुखीची गोळी. पाच मिनिटांत बी विंगमधून उत्तर आलं, ‘आहे, पण ऑरगॅनिक नाही. चालेल का?’ त्यावर तिघांनी अंगठे दाखवले. गम कोणीच दिला नाही.

हा पॅनकेकवाला तुमच्याही जिन्यात राहतो. सोमवार ते शुक्रवार त्याच्या डब्यात पोळी-भाजी असते, संध्याकाळी ऑफिसखालचा वडापाव असतो, शनिवारी पिझ्झा असतो. ग्लुटेनशी त्याचं वैर फक्त रविवारी सकाळी नऊ ते अकरा. दुपारी पुरी-श्रीखंड असतंच.

माझा जीव मात्र त्या पाव चमच्यात अडकलाय. ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतली प्रथिनं. कणीक ताणली जाते, पाव फुगतो, पोळी लाटताना फाटत नाही, ती सगळी त्यांचीच करामत. म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा. हा चिकटपणा वाईट, असं आपल्या गृहस्थाने कुठेतरी ऐकलं आणि गहू घराबाहेर काढला. त्याजागी आलं बदामाचं पीठ, तांदळाचं पीठ आणि टॅपिओका स्टार्च, ज्याचा साबुदाणा करून आपण एकादशीला दुप्पट खातो. पीठ कालवलं, तव्यावर ओतलं, उलथनं घातलं आणि पॅनकेकचे चार तुकडे झाले, कारण धरून ठेवणारं कोणी उरलंच नव्हतं. मग रेसिपी सांगते, चिकटपणा घाला! गव्हात जो फुकट येत होता तो काढायला बदामाच्या भावाने पैसे मोजा, आणि तोच परत घालायला वेगळी बाटली आणा.

आणि ती बाटली तरी कसली? साखरेवर एक जिवाणू वाढवतात, त्याच्यापासून हा गम मिळतो. त्या जिवाणूचा शेतावरचा मूळ धंदा म्हणजे कोबी-फ्लॉवरची पानं काळी पाडून कुजवणं. मला जिवाणूचं वावडं नाही. सॉसमधून, आइस्क्रीममधून हा गम आपण सगळेच गिळतो आणि धडधाकट असतो. पण ‘फक्त नैसर्गिक खातो’ असं लिफ्टमध्ये चार मजले ऐकवणाऱ्याने तो रात्री साडेदहाला मागत फिरावं, हे जरा अतीच. बरं, पाव चमचा म्हणजे पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. शंभर ग्रॅमची बाटली आणली आणि दर रविवारी न चुकता पॅनकेक केले, तरी ती अडीच वर्षं संपायची नाही. उत्साह तिसऱ्या रविवारी संपतो. त्यामुळे प्रत्येक फ्लॅटमध्ये फ्रीजच्या दारात नव्याण्णव ग्रॅम गम आज दगड होऊन बसलेला आहे. माझी सूचना अशी, की सोसायटीने एकच बाटली घ्यावी आणि वॉचमनच्या केबिनमध्ये, आग विझवायच्या सिलिंडरशेजारी ठेवावी. वहीत फ्लॅट नंबर, वेळ आणि सही करून पाव चमचा न्यावा. भाडेकरूंना मिळावा की नाही यावर वार्षिक सभेत दोन तास भांडावं. पार्किंगवर भांडतो तेव्हा निदान गाडी तरी मोठी असते. चमचा सपाट की शीग लावून, यासाठी उपसमिती नेमावी, कारण जास्त पडला तर पॅनकेक लिबलिबीत होतो आणि ते नुकसान मेंटेनन्समधून भरून देण्याची मागणी येणारच. रविवारी मावशींची सुट्टी असते, त्यामुळे त्या दोन पॅनकेकपायी निघालेली चार बोल, दोन गाळण्या, एक ब्लेंडर आणि मापाच्या चमच्यांचा अख्खा जुडगा सिंकमध्ये टाकून साहेब फोटो काढायला बाल्कनीत गेलेले असतात. भांडी कोण घासतं ते रेसिपीत नसतं.

गंमत अशी, की चिकटपणा घरातच होता. आंबोळीच्या तांदळात उडीद पडतात आणि चमचाभर मेथ्या पडतात. भिजलेला उडदाचा दाणा बोटांत चोळून बघा, बुळबुळीत लागतो, मेथीचाही तसाच. बाटलीतल्या गमचं काम तेच करतात. घावनाला तर तेही लागत नाही. पातळसर पीठ, बिडाचा तापलेला तवा, अर्ध्या कांद्याने फिरवलेलं तेल, वर झाकण. कडा आपोआप सुटल्या की उलटायचं. घाई केली तर फाटतं.

हे लिहिताना पूर्वजांना सगळं ठाऊक होतं म्हणणारे काका फॉरवर्ड तयार ठेवून बसलेत, हे मला दिसतंय. काका, थांबा. कोकणातल्या आजीने ग्लुटेन हे नाव ऐकलं नव्हतं. तिच्याकडे भात पिकायचा आणि गहू विकत आणावा लागायचा, म्हणून घावन. 1972च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो लोकांनी रांगेत उभं राहून घेतला. तोही ज्वारीचाच भाऊ, ग्लुटेनचा त्यात कण नाही. त्या वेळी त्याचा फोटो काढावा असं कोणाला वाटलं नव्हतं.

इथवर हसून झालं. आता जे पोटात आहे ते सांगतो. सीलिअ‍ॅक नावाचा आजार खरोखर असतो. त्यात ग्लुटेनमुळे शरीराचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, अन्न अंगी लागत नाही, मुलांची वाढ खुंटते. त्यावर औषध नाही. जन्मभर ग्लुटेन बंद, चूरसुद्धा नाही, एवढाच उपाय. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलीग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, यावरून काय ते समजा. अशा मुलाची आई हॉटेलात विचारते, यात गहू आहे का? वेटर हसतो. त्याने सकाळपासून वीस हौशी गिऱ्हाइकं पाहिलेली असतात, ज्यांनी सूप ग्लुटेन-फ्री मागितलं आणि वर ब्रेडस्टिक खाल्ल्या. तो म्हणतो, ‘मॅडम, ग्लुटेन कमी टाकायला सांगतो.’ कमी! ते तिखट आहे का? लग्नाच्या पंगतीत तिला मामी ऐकवतात, एका पुरीने काय होतंय, हल्ली फॅशनच आहे. मामींचं फारसं चुकत नाही. फॅशन आहेच, आणि ती ज्यांनी केली ते त्या पुऱ्याही खातायत. या हौशी मंडळींचा मला राग येतो तो याच कारणाने. त्यांच्या दोन तासांच्या रविवारापायी त्या मुलाचा आजार नखरा ठरतो. त्याच्या भाकरीचं पीठसुद्धा गिरणीत गव्हामागून दळलं तर त्याला चालत नाही, आणि गिरणीवाल्याला हे पटवताना त्या माउलीच्या घशाला कोरड पडते.

तेव्हा दोन विनंत्या. खरोखर शंका असेल, तर गहू सोडण्याआधी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्या. आधी गहू सोडून मग तपासलं, तर आजार असूनही चाचणीत तो सापडत नाही असं होऊ शकतं. आणि घरी आलेला पाहुणा गहू चालत नाही म्हणाला, तर कारण न विचारता तवा, उलथनं आणि पोळपाट वेगळे काढा. फोडणी देण्याआधी हिंगाची डबी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. पुष्कळ डब्यांवर तिथे गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं.