तुमच्याकडे ते दिसत नसेल

संकेतस्थळाचं काम फोनवरून समजावून सांगताना एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘‘अहो, माझ्याकडे ते दिसतच नाहीये.’’ सांगणारा म्हणतो, डाव्या बाजूला बघा, ‘पोस्ट्स’च्या खाली, आणखी खाली, ‘अपिअरन्स’ लिहिलंय, त्यात ‘मेनूज’. पलीकडच्या ताई वरपासून खालपर्यंत दोनदा पाहतात. नाही. मग कॅशे साफ करा, लॉगआउट करून परत या, ब्राउझर बदलून बघा, संगणकच बंद करून चालू करा. दोघंही खरं बोलत असतात. एकाच्या पडद्यावर ती ओळ आहे, दुसऱ्याच्या पडद्यावर नाही, कारण एक ॲडमिन आहे आणि दुसऱ्या एडिटर. एवढी साधी गोष्ट त्या पडद्यावर कुठेही लिहिलेली नसते.

माझी तक्रार या न लिहिण्याबद्दल आहे. परवानग्यांबद्दल नाही. त्या हव्यातच. हक्क माणसागणिक न वाटता भूमिकेला जोडावेत, ही मांडणी डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन या संशोधकांनी 1992 मध्ये केली आणि ती शहाणपणाची होती. माणसं बदलली तरी भूमिका राहते. वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीत सबस्क्राइबर, कॉन्ट्रिब्युटर, ऑथर, एडिटर, ॲडमिनिस्ट्रेटर अशी उतरंड आहे ती त्याच विचाराची. एडिटरला इतरांचा मजकूर दुरुस्त करता येतो, प्रसिद्ध करता येतो, काढूनही टाकता येतो. पण वाचकाला तो मजकूर ज्या मेनूतून सापडणार, त्या मेनूत एक ओळ वाढवणं त्याच्या हाती नसतं. तो हक्क थीमच्या रंगरूपाच्या हक्काशी बांधलेला आहे आणि तो मुळात ॲडमिनचा. असा नियम का, यावर वाद घालता येईल. पण नियम आहे हेच कळलं नाही, तर वाद घालणार कशावर?

कॉन्ट्रिब्युटरचे हाल याहून वाईट. तो लेख लिहू शकतो, फोटो चढवू शकत नाही. त्याच्या बाजूपट्टीत ‘मीडिया’ ही ओळच येत नाही. बिचारा फोटो मेलने पाठवतो आणि आपल्याला यातलं काही जमत नाही अशी समजूत करून घेतो. पुढे लेख प्रसिद्ध होतो. शीर्षकात वेलांटी चुकलेली दिसते. कालपर्यंत लेखाच्या नावाखाली ‘एडिट’ होतं, आज नाही, कारण प्रसिद्ध झालेला लेख बदलण्याचा हक्क कॉन्ट्रिब्युटरला नसतो. स्वतःचा लेख, स्वतःची चूक, आणि ती सुधारायची वाट रातोरात पुसलेली. ‘प्रसिद्ध झाल्यावर बदल संपादक करतील’ एवढं तिथे छापलं असतं, तर त्याने संपादकांना फोन केला असता आणि वेलांटी दुरुस्त झाली असती.

ड्रूपल या तशाच दुसऱ्या प्रणालीत आणखी एक गाठ आहे. वरच्या पानाचा प्रवेश तुम्हाला नसेल, तर मेनूतून ते पान जातंच, त्याच्या पोटातल्या लिंकाही जातात. त्या खालच्या पानांपैकी एखादं तुमच्यासाठी खुलं असलं तरीही. पत्ता हाताने टाइप केला तर ते पान उघडतं. परवानगी आहे, वाट नाही.

आणि याच्या नेमकं उलटही घडतं, ते तर धोक्याचं आहे. लिंक लपवली की पान सुरक्षित झालं, असं मानणारे लोक आजही भेटतात. वर्डप्रेसमधल्या मेनूची ओळ काढण्याच्या फंक्शनबद्दल त्यांच्याच माहितीपुस्तिकेत स्पष्ट बजावलं आहे की, यामुळे ते पान थेट उघडण्यापासून कुणी अडत नाही, परवानगी वेगळी तपासावी लागते. संकेतस्थळांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेची त्रुटींची 2017 ची यादी पाहिली, तर त्यात प्रवेश-नियंत्रणातला दोष पाचव्या क्रमांकावर होता. 2021 मध्ये तो पहिला झाला. म्हणजे लपवल्याने प्रामाणिक माणूस अडतो आणि पत्ता ओळखून घुसणाऱ्याला काही फरक पडत नाही.

काही लिंका लपवायलाच हव्यात हे मला मान्य आहे. एखाद्याची चौकशी चालू आहे, हे मेनूतल्या ओळीवरूनही कुणाला कळू नये. गिटहब या सॉफ्टवेअर प्रकल्प ठेवण्याच्या संकेतस्थळावर खासगी प्रकल्पाचा पत्ता परक्याने उघडला तर ‘मनाई’चा 403 येत नाही, ‘सापडलं नाही’चा 404 येतो. तिथे प्रकल्प आहे हे सांगणंसुद्धा माहिती फोडणं ठरेल, म्हणून हे योग्यच. पण फोटो चढवण्याची सोय अस्तित्वात आहे, यात कसलं गुपित?

मेनूतल्या गोष्टी लपवू नका, निष्क्रियही करू नका, चालू ठेवा आणि दाबल्यावर का होत नाही ते सांगा, असं सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या जोएल स्पॉल्स्की यांनी 2008 मध्येच मांडलं होतं. मी थोडं कमीवरही तयार आहे. ओळ फिकी करा, शेजारी कुलूप काढा, पण ती जागेवर राहू द्या. बंद दाराची कडी वाजवता येते. भिंतीसारखं रंगवलेलं दार शोधण्यातच दिवस जातो. आणि माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांनी ॲडमिनच्या लॉगिनमधली चित्रं छापून एडिटरच्या हाती देऊ नयेत. आधी एडिटर म्हणून आत जावं, तिथे काय दिसतं ते पाहावं, मग चित्र काढावं.

त्या फिक्या ओळीखाली नुसतं ‘ॲडमिनशी संपर्क साधा’ लिहून भागणार नाही. लहान संस्थांमध्ये ॲडमिन म्हणजे बहुधा संकेतस्थळ बांधून देणारा मुलगा असतो, आणि तो दुसऱ्या नोकरीवर निघून गेलेला असतो. हा हक्क कोणत्या भूमिकेकडे आहे, संस्थेत आज ती भूमिका कोण सांभाळतं आणि त्यांना कुठे गाठायचं, हे तिन्ही तिथेच लिहा. ती व्यक्ती बदलली की त्याच दिवशी तिथलं नावही बदला.