जालीम असेल तेच द्या!

कीटकनाशकाच्या दुकानात आपण दोनच प्रश्न विचारतो. ‘केवढ्याला?’ आणि ‘जालीम आहे ना?’ दुकानदार मुरलेला असतो. दुसऱ्या प्रश्नावर तो जोरात मान डोलावतो आणि पहिल्याचं उत्तर दहा रुपये चढवून देतो. घरात रांगतं मूल आहे, माळ्यावर मांजर व्यायली आहे, हॉलमध्ये माशांची टाकी आहे, गोठ्यात गाभण म्हैस आहे, यातलं काहीही गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही. झुरळ मेलं पाहिजे, बास. बाकीच्यांनी आपापलं बघून घ्यावं.

डब्यावर छापलेलं वाचणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. ते भित्र्यांचं काम. वास्तविक तिथे कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग भरलेला असतो. लाल म्हणजे सगळ्यात घातक. त्यावर कवटी आणि हाडंही काढलेली असतात. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. रंग ओळखायला शाळेत जावं लागत नाही. तरीही पदवीधर मंडळी शेतातल्या लाल खुणेचं औषध स्वयंपाकघरातल्या मुंग्यांवर सोडतात, आणि हिरवी खूण दिसली की सिग्नल मिळाल्यासारखे सुसाट सुटतात. हिरव्यावरही ‘सावधान’ असंच लिहिलेलं असतं. ‘खुशाल’ असं कोणत्याच रंगावर लिहिलेलं नाही.

मात्रेचं तर विचारूच नका. कागदावर ‘लिटरला इतके मिली’ असं असतं, आपलं माप ‘झाकणभर, आणि वरून थोडं’. हिंग चिमटीनं मोजणारं घर विष मात्र ओतून घेतं. झुरळ दोनदा मरत नाही हो. दुसरी मात्रा घरच्यांसाठी उरते.

मग उरलेल्या औषधाचं काय करायचं? टाकवत तर नाही, पैसे मोजलेत. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली असतेच. ती सिंकखाली, कांद्या-बटाट्याच्या टोपलीशेजारी. घरात सगळ्यांना माहीत असतं की ‘ती बाटली वेगळी आहे’. उन्हातून आलेल्या पाहुण्यांच्या मुलाला तेवढं माहीत नसतं.

अन्न आणि विष एकत्र आलं की काय होतं, हे देशाला १९५८ साली कळलं होतं. केरळात पॅराथिऑन लागलेलं पीठ पोटात जाऊन शंभरावर माणसं दगावली. चौकशी आयोग बसला आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा आला. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका गावात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. कायदा तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. आजही कोपऱ्यावरच्या दुकानात पोह्यांच्या पोत्याला टेकून उंदराच्या वड्यांचं खोकं बसलेलं असतं आणि दुकानदार एकाच हातानं दोन्ही देतो.

आता शहरात वळू. इथे स्वतः काही करायचं नसतं, माणूस बोलवायचा असतो. तो पाठीवर पंप लावून येतो आणि दारातच तीन मंत्र म्हणतो: ‘हर्बल आहे, वास नाही, तुम्ही आतल्या खोलीत बसा.’ आपण आज्ञाधारकपणे आतल्या खोलीत बसतो. भाजीवाल्याला ‘कोथिंबीर कालची आहे का’ विचारणारे आपण, याला परवाना विचारत नाही, औषधाचं नाव विचारत नाही, किती तासांनी घरात यायचं तेही विचारत नाही. पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला सरकारी परवाना लागतो, हे ऐकूनच कित्येकांना आश्चर्य वाटतं. वास नाही म्हणजे विष नाही, हे शास्त्र कुठल्या विद्यापीठात शिकवतात कोण जाणे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईजवळच्या कुंद्रथूरमध्ये पेस्ट कंट्रोलवाले एका घरात उंदरांसाठी विष ठेवून गेले. कुटुंब एसी लावून झोपलं. दोन लहान मुलं दगावली.

त्याहून भयंकर म्हणजे धान्याच्या कणगीत टाकायच्या गोळ्या. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळीला हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन वायू सुटतो. ती आहे गोदामासाठी. ताडपत्रीनं हवाबंद केलेल्या थप्प्यांसाठी, जाणकारांच्या देखरेखीखाली वापरायची. किरकोळ गिऱ्हाइकाला ती विकायलाच परवानगी नाही. तरी ‘ओळखीतून’ मिळते. मग कुणी ती फडक्यात बांधून झोपायच्या खोलीतल्या कणगीत ठेवतं, तर कुणी ढेकणांसाठी गादीखाली. ढेकूण जातात. त्या गादीवर झोपणाऱ्याची हमी ओळखवाला देत नाही.

उंदराच्या औषधांची तर जत्राच आहे. सगळं ‘उंदराचं औषध’ एकच, असा आपला सरसकट समज. वास्तविक ब्रोमॅडिओलोनची वडी कुत्र्यानं खाल्ली तर पहिले दोन-तीन दिवस ते शेपूट हलवत फिरतं आणि मग अंगात रक्तस्राव सुरू होतो. वेळेत नेलं तर के जीवनसत्त्वानं वाचतं. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाला भेटताच वायू सोडतं. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर उताराच नाही, ती थेट यकृतावर जाते. पण आपल्याकडे तिन्हींवर उपाय ठरलेला: दूध पाजा, तूप पाजा, मिठाचं पाणी पाजून ओकवा. दूध-तुपातला स्निग्धांश पिवळा फॉस्फरस अंगात आणखी लवकर भिनवतो. मिठाचं पाणी स्वतःच जीव घेऊ शकतं. कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायला रिक्षा मिळत नाही, आजीचा बटवा मात्र हाताशी असतो.

मांजरांची कथा निराळी. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध उरलं, तर ‘मांजर लहान आहे, अर्धंच टाकू’ असा हिशेब होतो. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराचं यकृत ते पचवूच शकत नाही. मांजराला थरथर सुटते, झटके येतात. अर्ध्या मात्रेचा हिशेब इथे लागू नाही, कारण मांजर म्हणजे अर्धा कुत्रा नव्हे. हीच पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना काळ असतात. टाकी न झाकता, हवेचा पंप चालू ठेवून फवारा मारला की सकाळी मासे पाठीवर पोहतात. मग ‘पाणी बदलायचं राहिलं’ म्हणून घरच्या मुलाला बोलणी.

गोठ्यात या सगळ्याचा कळस होतो. म्हशीला गोचीड झाले की कपाशीवरचं औषध पाण्यात कालवून कुंच्यानं तिच्या अंगाला चोपडायचं. ‘रासायनिक नको’ म्हणणारे तंबाखूचा काढा लावतात; निकोटीन हे विष आहे, हे बहुधा पुडीवरचं चित्र बघूनही पटलेलं नसतं. म्हैस अंग चाटते, वासरू तिला चाटतं, संध्याकाळी धार काढली जाते आणि दूध डेअरीत जातं. तिथे फॅट मोजतात, एसएनएफ मोजतात. सकाळच्या कुंच्याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

आणि एवढं करून गोचीड जात नाहीतच. कारण रक्त पिऊन टम्म झालेली मादी जनावरावरून गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत दोन-तीन हजार अंडी घालते. शत्रूची छावणी भिंतीत, आपण हल्ला म्हशीवर. २०२२ मध्ये गुरांच्या लम्पी त्वचारोगाची मोठी साथ पसरली, तो रोग चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड पसरवतात हे कळलं आणि ‘गोठे फवारा’ असा सल्ला आला. ऐकणाऱ्यांनी ‘गोठे’ गाळून ‘फवारा’ तेवढं घेतलं. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी अजून ‘नुवान’ मागणारे आहेत. त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. पण बंदी आली म्हटल्यावर तर ते नक्कीच जालीम असणार, असा उलटा दाखला मिळतो.

जालीमपणाचा हिशेब विदर्भाला चांगला ठाऊक आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा विषबाधेनं जीव गेला. एका औषधानं बोंडअळी-तुडतुडे जाईनात म्हणून दोन-तीन औषधं एकत्र कालवण्याची रीत, माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, अंगावर साधा सदरा आणि तोंडाला फार तर रुमाल. तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. रुमाल अजून तोच आहे, आणि फवारणीचे कपडे अजून घरच्या कपड्यांत धुतले जातात.

तेव्हा शहाणपणाच्या चार गोष्टी, फुकट आहेत म्हणून ऐका. झुरळांसाठी ओट्याच्या सांदीत जेलचे ठिपके पुरतात. त्यावर पुन्हा स्प्रे मारलात तर झुरळ जेलकडे फिरकणार नाही आणि दोन्हींचे पैसे वाया जातील. रात्री खरकटं झाका, कचऱ्याचा डबा रिकामा करा. हे एवढं केलं तर निम्मं औषध लागतच नाही. उंदराचं विष खोक्यात, मुलाच्या आणि कुत्र्याच्या तोंडाला न लागेल असं ठेवा, मेलेले उंदीर गोळा करून पुरा. डांबराच्या गोळ्या मुलांच्या हाती पडू देऊ नका. जन्मतः विशिष्ट विकराची उणीव असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी त्या फोडतात. गोठा फवारायचा तर आधी जनावरं बाहेर, गव्हाण आणि पाण्याचं भांडं बाहेर, भिंती वाळल्या की मगच सगळं आत. जनावराच्या अंगाला लावायचं औषध पशुवैद्यकाकडूनच घ्या आणि दूध किती दिवस वेगळं काढायचं तेही त्यालाच विचारा. रिकाम्या डब्याला भोक पाडा, म्हणजे त्याची पुन्हा पाण्याची घागर होणार नाही. आणि औषध ज्या बाटलीतून आलं त्याच बाटलीत, कुलपात.

इतकं करूनही पोटात गेलंच, तर ओकवत बसू नका. माणसासाठी दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर आहे, जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या. घरात कुणी तो वाचला नसेल तर निदान डॉक्टरला वाचू द्या.