बार हवा, तर ओट्यापाशीच

स्वयंपाकघरातली कुठली जागा रिकामी आहे, हे तिथे रोज उभं राहणाऱ्या माणसाने सांगायचं असतं. फ्लॅटचं नूतनीकरण निघालं की मात्र हा प्रश्न विचारला जातो फक्त पाणी प्यायला तिथे येणाऱ्याला. तो कोपऱ्याकडे बोट दाखवतो, डिझायनर थ्रीडी चित्र काढून देतो आणि ओट्याखालच्या सांदीत होम बार उभा राहतो. चकलीचा सोऱ्या, इडलीपात्र आणि मोठा कुकर जातात माळ्यावर. ते उतरवायला स्टुलावर कोण चढणार, हे त्या चित्रात नसतं.

ती जागा मुळात वाया का गेली, तेही बघा. एल आकाराच्या ओट्याच्या दोन्ही बाजू साधारण दोन-दोन फूट खोल असतात. त्या मिळतात तिथे दोन फूट लांब-रुंद कपाट तयार होतं आणि त्याच्या मागच्या टोकाला हात पोचत नाही. फिरती ट्रॉली बसवली तर तोच कोपरा स्वयंपाकाच्या कामी येतो. तेव्हा आधी ते विचारा. स्वयंपाक करणाऱ्या माणसाने "मला नको" म्हटलं, तर खुशाल बाटल्या ठेवा.

मला स्वतःला बार स्वयंपाकघरातच हवा वाटतो. हॉलमधलं काचेचं कपाट आणि त्यातले निळे दिवे ही निव्वळ आरास आहे. पेय बनवायला पाणी लागतं, बर्फ लागतो, सुरी लागते, लिंबाची साल टाकायला डबा लागतो. हे सगळं ओट्यापाशी आहे. पण खरं कारण वेगळं आहे. आपल्याकडे बैठक हॉलमध्ये रंगते आणि आत कुणीतरी एकटी पापड तळत, अंडी सोलत, काकडी चिरत उभी असते. "जरा बर्फ आण गं" ही हाक दर पंधरा मिनिटांनी येते. बार ओट्यापाशी असला की ओतणाऱ्याला तिथेच उभं राहावं लागतं. शेंगदाण्यात कांदा-टोमॅटो तो स्वतः चिरतो. गप्पाही तिथेच होतात आणि तळणाऱ्या माणसाला त्यात भाग घेता येतो. एवढं घडणार नसेल, तर त्या बारवर पैसे घालू नयेत.

आता जागेचं. शेगडीच्या शेजारी, फ्रिजच्या वर आणि माळ्यावर बाटल्या नकोत. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं आणि उन्हाळ्यात नेहमीच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. शेगडीजवळ बाटली सांडली तर ते प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. वाइनचं दुखणं दुसरं. तिला १२ ते १५ अंशांच्या आसपास, अंधारात, न हलता पडून राहायला आवडतं. नाशिकहून कौतुकाने आणलेली बाटली फ्रिजच्या गरम पाठीशी दोन उन्हाळे उभी केली, तर ती प्यायच्या लायकीची राहत नाही. बुचाची वाइन आडवी ठेवा म्हणजे बूच सुकत नाही. व्हिस्की मात्र उभीच, कारण तीव्र अल्कोहोल बूच खातं. उघडलेलं व्हरमूथ फ्रिजमध्ये. बाटलीतली व्हिस्की वर्षांनी मुरत नाही, त्यामुळे साठा करण्यात काही शहाणपण नाही. पाच-सहा बाटल्या पुष्कळ झाल्या. खण पंधरा इंच उंच ठेवला की त्या आरामात मावतात. वरचा दगड ग्रॅनाइटचा घ्या. संगमरवर लिंबाच्या रसाने कायमचा डागाळतो.

आणि कुलूप! डिझायनरच्या यादीत सोनेरी मुठी असतात, आरसा असतो, कुलूप नसतं. घरात शाळकरी मुलं असतील तर सगळ्यात आधी तेच बसवा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. शिवाय १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. कपाटाला लाखभर घालणारे परवान्याच्या कागदाला कंटाळतात. गोव्याहून गाडीच्या डिकीत लपवून आणलेल्या स्वस्त बाटल्या तर बारमध्ये मिरवूच नयेत. तो गुन्हा आहे. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची उर्राक प्यायची असेल, तर मार्च ते मेमध्ये गोव्यात जाऊन प्यावी. सोडा, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालून तिथल्या उकाड्यात ती जशी लागते, तशी पुण्यातल्या एसीत लागत नाही.

त्या कपाटाचा अर्धा भाग न पिणाऱ्यांचा असला पाहिजे, यावर मी अडून बसेन. आपल्या पार्ट्यांत पिणाऱ्याला कटग्लास आणि न पिणाऱ्या मावशीला कागदी कपात कोमट कोला मिळतो. हा पाहुण्याचा अपमान आहे. कोकमाचं आगळ, कैरीच्या पन्ह्याचा गर, आवळ्याचं सरबत, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळं मीठ एवढं हाताशी ठेवा. आगळात सोडा, ठेचलेली मिरची, चिमूटभर मीठ आणि भरपूर बर्फ घातला की कुठल्याही कॉकटेलच्या शेजारी मानाने ठेवता येईल असं पेय होतं. तेही चांगल्याच ग्लासात द्या. गाडी चालवत घरी जाणाऱ्याला दुसऱ्यांदा आग्रह करायचा तर तो याचाच करा.

राहिले ग्लास. ज्याने ओतलं, त्याने ते त्याच रात्री धुवावेत, पुसावेत आणि ओटा कोरडा करून झोपावं. सकाळी येणाऱ्या मावशींसाठी ते सिंकमध्ये ठेवून देऊ नयेत. नाजूक काच घाईत फुटते आणि बोलणी त्यांना खावी लागतात.