भारीतलं दाखवा

सदाशिव पेठेत जन्म, सदाशिव पेठेत शाळा, सदाशिव पेठेतच नोकरी आणि तरीही उभ्या आयुष्यात एकदाही भाव न केलेला माणूस पाहायचा असेल, तर आमच्या मामांना भेटा. भाव करत नाहीत म्हणजे मामा भिडस्त आहेत असं नाही. मीटरच्या वरच्या एका रुपयासाठी ते रिक्षावाल्याला भर रस्त्यात थांबवून ठेवतात. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या बिलावर एकदा दीड तास बोलले होते. पण दुकानाच्या पायरीवर पाय पडला, की त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघतं : "भारीतलं दाखवा."

काय भारीतलं, ते मागाहून.

दुकानदार आपल्या रीतीप्रमाणे साधं, मग मधलं आणि शेवटी भारी, असं गल्ल्यासमोर मांडत जातो. मामा पहिल्या दोन वस्तू हातातसुद्धा घेत नाहीत. ते छताकडे बघत उभे राहतात, आणि तिसरी वस्तू आली की खाली बघतात.

एकदा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. प्लंबर म्हणाला, वायसर गेलाय. मामा मला घेऊन बोहरी आळीत गेले.

"वायसर द्या. भारीतला."

"पाच रुपये."

"त्याच्या वरचा?"

"काका, वायसरमध्ये वरचा नसतो."

मामा काही न बोलता परत फिरले. पाच रुपयांची वस्तू घरात पाणी अडवेल यावर त्यांचा विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी 1,800 रुपयांचा नवा नळ बसला. जुन्या नळात प्लंबरनं पाच रुपयांचा वायसर घातला आणि तो नळ आपल्या घरी नेऊन लावला. अजून थेंब गळत नाही म्हणे.

या स्वभावाचं मूळ आमच्या आजोबांमध्ये आहे. आजोबा म्हणजे दुसरं टोक. मंडईत शेवटची पाटी उठायच्या वेळी जायचं, फुटका नारळ अर्ध्या किमतीत आणायचा, चपलांचा जोड 'सेकंड'मधला घ्यायचा, मग डावी आठ नंबरची आणि उजवी साडेआठची का असेना. मामांच्या पहिल्या कांदेपोह्यांच्या दिवशी धो धो पाऊस होता. आजोबांनी आणलेली छत्री लकडी पुलावर उलटी झाली ती सुलटी होईना. मुलीच्या घरी मामा निथळत पोचले, सतरंजीवर तळं झालं, आणि आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचं कळलं. पुढे मामी आल्या. त्या त्या मुलीपेक्षा कितीतरी पटीनं सरस निघाल्या, हे मामाही कबूल करतात. पण छत्रीला माफी नाही.

आगीत तेल ओतलं ते ललिताजींनी. 1980च्या दशकात दूरदर्शन पाहिलेल्यांना त्या आठवतील. कविता चौधरींनी रंगवलेली सर्फच्या जाहिरातीतली ती करारी गृहिणी. तेव्हा निरमानं कपडे धुण्याच्या पावडरचा बाजार पार उलटापालटा केला होता. 1969मध्ये अहमदाबादेत सुरू झालेली ती पिवळी पावडर सर्फच्या मानानं इतकी स्वस्त होती, की सर्फवाल्यांना आपण महाग का, हे घरोघरी जाऊन सांगण्याची पाळी आली. ललिताजी ते सांगत. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, हे मामांनी चाळीतल्या शेजाऱ्यांच्या टीव्हीवर ऐकलं आणि गुरुमंत्र मिळाल्यासारखे ते घरी आले.

आता खरी गंमत अशी, की ललिताजी हिशोबी बाई होत्या. अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर, असं त्यांचं गणित होतं. पाकिटावरची किंमत न बघता एका पाकिटात किती कपडे निघतात ते बघा, एवढंच त्या सांगत होत्या. गणित बरोबर की चूक ते सोडा, पण गणित होतं. मामांनी त्यातली ठसकेबाज मान तेवढी घेतली आणि गणित ललिताजींकडेच ठेवलं.

"महाग एकदाच रडवतं, स्वस्त रोज रडवतं," हे मामांचं दुसरं ब्रह्मवाक्य. मामांचं हे 'एकदाच' आता माळ्यावर मावेनासं झालंय. तिथे पाव भाजायचं यंत्र आहे, ज्यात भाजलेला पहिला पाव आजही आमच्या घरात वजन म्हणून वापरता आला असता. दाणे, कॉफी, मिरी असं सगळं वेगवेगळ्या भांड्यांत दळणारं एक यंत्र आहे, आणि त्यातलं एकही भांडं दुसऱ्याच्या जागी बसत नाही. हजार धाग्यांची म्हणून आणलेली चादर आहे. एका इंचात धागे मावून मावून मावणार किती? पीळ दिलेल्या एका धाग्यातले पदर सुटे सुटे मोजून असे हजार करतात, हे मामींना माहेरच्या मागवाल्यांमुळे ठाऊक होतं. त्यांनी चादर बोटांनी चाचपली, घडी घातली आणि आपली सोलापुरी पुन्हा अंथरली. आणि सगळ्यांच्या वर, कापडात गुंडाळलेलं, इंडक्शनचं प्रकरण आहे.

त्याचं झालं असं. मामांना कुणीतरी सांगितलं, अस्सल स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही. हे अगदीच खोटं नाही. ज्याला 304 म्हणतात, त्या स्टीलमध्ये क्रोमियम 18 टक्के आणि निकेल 8 टक्क्यांच्या आसपास असतं, आणि त्याला चुंबक धरत नाही. पण निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या 202लाही ते धरत नाही, हे सांगणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. मामा खिशात चुंबक घेऊन दुकानं फिरले. इंडक्शनची सगळ्यात महाग शेगडी घेतली. मग सगळ्यात महाग पातेलं घेतलं, प्रत्येक पातेल्याला चुंबक लावून, जे ढिम्म चिकटेना ते. घरी येऊन दूध ठेवलं. शेगडी तीनदा ओरडली आणि बंद पडली. इंडक्शनला बुडाशी चुंबक चिकटणारंच भांडं लागतं! अस्सलपणाची परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेलं ते पातेलं या एकाच कामाला नालायक होतं. मामींनी दूध गॅसवर ठेवलं. काही बोलल्या नाहीत. मामी बोलत नाहीत तेव्हा मामा वर्तमानपत्र उलटं धरतात.

मामी किंमत वाचत नाहीत, त्या वेष्टणाची मागची बाजू वाचतात. चष्मा नाकावर ओढून, ओठ हलवत, पोथी वाचावी तशा. मामांनी एकदा 180 रुपयांची आंघोळीची वडी आणली. मामींनी मागची बाजू वाचली आणि म्हणाल्या, "अहो, याच्यावर साबण असं लिहिलेलंच नाही." खरंच नव्हतं. बेदिंग बार होतं. मोरीतली मामींची स्वस्तातली वडी काढून पाहिली तर तिच्यावर ग्रेड 1, टीएफएम 76 टक्के. टीएफएम म्हणजे वडीत साबणाचा स्निग्ध ऐवज किती, त्याचं माप. 76 किंवा त्याहून जास्त असला की पहिला दर्जा. बार म्हणून विकणाऱ्याला ही पायरी चढावीच लागत नाही. मामा त्या वडीचा वास घेत म्हणाले, "पण वास बघ." वास होता खरा.

हिमालयातलं म्हणून गुलाबी मीठ आणलं, तेव्हाही तेच. ते बहुतेक पाकिस्तानातल्या पंजाबात, खेवऱ्याच्या खाणीतून निघतं, आणि ती खाण हिमालयात नाही. मामींचा आक्षेप भूगोलाला नव्हताच. "यात आयोडीन कुठाय?" एवढंच त्यांनी विचारलं. गुलाबी मीठ आता पाहुण्यांना दिसेल अशा बरणीत आहे आणि आमटीत पांढरं पडतं.

मामा मिरवतात असं आपल्याला वाटेल. खालच्या मजल्यावरच्या, अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांनाही तसंच वाटलं. त्यांनी मामांना बसवून थॉर्स्टाइन व्हेब्लेनची गोष्ट सांगितली. 1899च्या आपल्या पुस्तकात त्यानं हातानं घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्रावरचा ॲल्युमिनियमचा चमचा शेजारी ठेवले होते. तोंडात घास दोन्हींनी सारखाच जातो, मग चांदीच्या चमच्याचे जास्तीचे पैसे कशाचे, तर लोकांनी बघावं याचे. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुस्तक केवढ्याचं आहे?"

पण सरांचं निदान चुकलं होतं. मिरवणारा माणूस गाडी घेतो, घड्याळ घेतो. नळाचा वायसर भारीतला मागून कुणाला दाखवणार? एकदा दिवाळीच्या आदल्या रात्री माळा आवरताना मामा शिडीवरूनच मला म्हणाले, "अरे, मिक्सरच्या पोटात तांब्याची तार आहे की ॲल्युमिनियमची, मला कसं कळणार? दुकानदाराला कळतं, तुझ्या मामीला वास येतो. मला बापड्याला एक आकडाच वाचता येतो. बँकेत तेच केलं ना पस्तीस वर्षं." आणि त्यांनी पाव भाजायचं यंत्र आणखी आत ढकललं. मला तेव्हा मामांच्या हातात ती उलटी छत्री दिसली.

तरी वाटायचं, कधीतरी या माणसाच्या जास्तीच्या पैशांना जास्तीचं काहीतरी मिळावं. तशी संधी मागच्या उन्हाळ्यात आली. पंखा घ्यायचा होता. साधा 1,700 रुपयांचा, बीएलडीसी मोटरचा 3,200चा. मी मनात म्हटलं, आज देव पावला. दुकानातला पोरगा हुशार होता. तो सांगू लागला : साधा पंखा 75 वॉट खातो, हा 28. दिवसाला दहा तास फिरला तर वर्षाला 170च्या आसपास युनिट वाचतात. आठ रुपयांनी धरलं तरी वरचे पैसे सव्वा वर्षाच्या आत वसूल, काका.

मामांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे पैसे वाचवणारा पंखा?"

"हो ना काका."

"म्हणजे काटकसरीचा."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मामा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "वस्तू चांगली असती तर याला एवढं बोलावं लागलं असतं?" आणि ते 9,500 रुपयांचा, लाकडी पात्यांचा, मधोमध झुंबर असलेला पंखा घेऊन आले. झुंबराचा उजेड छान पडतो. वारा हवा असला की सगळे मामींच्या खोलीत जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी मामी एकट्याच जाऊन 3,200चा घेऊन आल्या होत्या.

आता कळशीचं सांगतो. त्याआधी बाटली झाली होती. मॉलमधली, मखमली पेटीतली, ठोक्यांची नक्षी असलेली तांब्याची बाटली, 2,400 रुपये. मामांनी तिच्यातून फिरायला जाताना ताक नेलं. ताक कळकलं, मामा पर्वतीच्या अर्ध्या पायऱ्यांवरून परतले. मामींनी बाटली उजेडात धरली. सगळे ठोके एकाच मापाचे, एका रांगेत, शाळेच्या कवायतीसारखे. "हे साच्यातलं आहे," त्या म्हणाल्या. "पाण्याला कळशी आणा. कसब्यात जा, तांबट आळीत."

पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्यावर घण पडतोय. गल्लीत शिरण्याआधीच तो कानांवर यायला लागला. एक वयस्क कारागीर मांडीशी कळशी धरून मठार काढत होते. एका ठोक्याशेजारी दुसरा, हातोडी फिरवत फिरवत, कळशी गोल सरकवत. ठोकल्यानं पत्रा घट्ट होतो, शोभेचं नंतर, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

मामा म्हणाले, "भारीतली दाखवा."

"भारी म्हणजे? जाड पत्र्याची?"

मामांना काही सुचेना. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. कारागिरांनी दोन कळशा पुढे ठेवल्या. दिसायला जुळ्या. दर विचारला तर किलोवर, आणि दोघींना एकच.

"चांगलीला आणि साधीला एकच दर?"

"तांबं तेच ना काका. जास्त तांबं, जास्त पैसे."

मामांनी दोन्हींवर किमतीची चिठ्ठी शोधली. नव्हती. पेटी विचारली. तीही नव्हती, वर्तमानपत्र होतं. मग मी जे पाहिलं ते मामींना सांगूनही त्यांना खरं वाटेना. मामा खाली बसले. पहिली कळशी उचलली. ठेवली. दुसरी उचलली. मग पुन्हा पहिली. काठावरून अंगठा फिरवला, बोटाच्या पेरानं टिचकी मारून कान लावला. एकीचा आवाज लगेच विझत होता, दुसरीचा बराच वेळ रेंगाळत होता. असे पंधरा-वीस मिनिटं ते त्या गल्लीत टिचक्या मारत बसले होते. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, त्यांना ऐकू आला नाही.

घरी आल्यावर मामींनी कळशी हातात घेतली, पालथी करून बूड पाहिलं आणि विचारलं, "केवढ्याला पडली?"

मामांनी खिसे चाचपले, माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"पावणेदोन किलोला," ते म्हणाले.