आधी लोगो, मग किल्ली

आमच्या जिल्ह्याच्या गावी एक वस्तुसंग्रहालय आहे, ही गोष्ट गावापासून आजवर मोठ्या शिताफीने लपवून ठेवण्यात आली होती. एसटी स्टँडवर पत्ता विचारलात, तर रिक्षावाला म्हणतो, 'ते जुनं कोर्ट का?' पण परवा वरून आदेश आला : पर्यटक वाढवा. लगेच 'प्रसिद्धी पूर्वतयारी समिती' स्थापन झाली आणि पेपरात लिहितो या गुन्ह्याबद्दल मलाही त्यात ओढलं.

बैठकीला वडे आले, चहा आला, सल्लागार आले. पडद्यावर पहिला प्रश्न झळकला : आपल्याकडे कोणी यावं? अध्यक्ष म्हणाले, 'सर्वसामान्य जनतेने.' सचिवांनी लिहून घेतलं. लोकांचा अभ्यास संपला.

उरलेले दोन तास लोगोवर गेले. मूर्तीच्या हातातलं कमळ? नको, आचारसंहिता लागली की झाकावं लागेल. शस्त्रदालनातला धनुष्यबाण? नको. मशाल, तुतारी, घड्याळ? दालनं भरलेली, पण प्रत्येक वस्तूला आधीच कुणीतरी तिकीट दिलेलं! शेवटी बिनविरोध निवडून आला अडकित्ता.

'मग एकदा बघूया तरी,' मी म्हणालो. खाली गेलो तर दालनाला कुलूप. किल्लीवाले शिपाईमामा जेवायला गेलेले. ते आले, दार उघडलं. कपाटावर चिठ्ठी : 'अडकित्ता. पितळ.' बस्स. मामांनी आपणहून मोराच्या आकाराचा तो अडकित्ता बाहेर काढला आणि कटकन वाजवला. 'साहेब, बैठकीत सुपारी फुटली की लग्न ठरलं. हा वाजला, की माजघरात कान लावून बसलेल्या पोरीला कळायचं, आपलं ठरलं.' समिती गप्प. सल्लागारांनी पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला.

पुण्यात दिनकर केळकरांनी असेच अडकित्ते, दिवे, वज्र्या गोळा केल्या. सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. ते कविता लिहीत 'अज्ञातवासी' या नावाने. त्यांच्याकडे कवी अज्ञातवासात गेला आणि वस्तू पुढे आल्या. आमच्याकडे समितीचे फोटो पेपरात आणि वस्तू अज्ञातवासात.

तर ठराव असा : लोगोला निधी मंजूर. एसटी स्टँडवरची पाटी, स्वच्छतागृहाची कडी आणि वाचता येतील अशा चिठ्ठ्या दुसऱ्या टप्प्यात. मामा कंत्राटी असल्याने त्यांचा विषय पटलावर घेता आला नाही.

वाचकहो, सोमवारी सुट्टी असते, दुपारी एक ते दोन कुलूप. त्या वेळा टाळून जा. लोगोकडे बघू नका, मामांना गाठा आणि म्हणा, 'जरा वाजवून दाखवा.' त्यांचं कंत्राट मार्चअखेर संपतंय.